गाईड मागून वाचणारे काका

दुकानात गिऱ्हाईक पुस्तक मागतं आणि दुकानदार ते काढून देतो, अशी माझी साधी समजूत होती. कारंज्याच्या एसटी स्टँडजवळच्या त्या दुकानाने ती पार मोडून काढली. तिथे गाईड मागितलं की काका आधी विचारत, "चुकलं काय?"

म्हणजे मागच्या परीक्षेत किंवा घरी सोडवलेल्या पेपरात तुमचं काय चुकलं ते सांगा, गाईडचं नंतर बघू. कोणी म्हणालं की अजून काहीच चुकलं नाही, आता कुठे अभ्यासाला बसायचं आहे, तर काका म्हणत, "मंग जा, आदी चुकून या." आणि खरोखर रिकाम्या हाताने परत पाठवत. अशा माणसाचं दुकान चालायचं कसं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण चालायचं, आणि चांगलं चालायचं. धनजपासून मेडशीपर्यंतची माणसं त्यांच्याकडे गाईड घ्यायला यायची.

काका सत्तरीला टेकलेले होते. पांढरा सदरा, नाकाच्या टोकावर चष्मा, हातात कायम स्टीलची पट्टी. वाचताना ती पट्टी ओळीखाली धरत आणि एकेक ओळ खाली सरकवत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते 'विद्यार्थी' म्हणत, मग तो चौथीतला असो की निवृत्त तहसीलदार. चौतिसाव्या वर्षी कोणी आपल्याला 'या विद्यार्थी' म्हणावं, याचा मला आधी राग आला होता. पुढे पुढे बरं वाटायला लागलं.

माझी अडचण अशी होती. मी पुण्याच्या एका कंपनीत अकरा वर्षं काम करत होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा लॅपटॉप उचलून कारंज्याला आले आणि घरूनच काम करू लागले. आईला एकटीला बाबांना उठवणं-बसवणं झेपत नव्हतं, आणि मी एकुलती एक. वर्षभर कंपनी काही बोलली नाही. मग फर्मान निघालं. ज्यांना प्रोजेक्ट सांभाळायचे आहेत त्यांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ते जगभर चालणारं प्रमाणपत्र दिवाळीच्या आत मिळवायचं. मिळालं तर कुठेही बसून टीम चालवा. नाही मिळालं तर पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. पास झाले तर कारंजा, नापास झाले तर पुणे, इतका सरळ मामला होता.

घाबरलेला माणूस अभ्यास करत नाही, पुस्तकं घेतो. मीही घेतली. एक उशाला घेता येईल एवढं जाड. एक रंगीत चित्रांचं. एक एकवीस दिवसांत पास करून देण्याचं वचन देणारं. आणि एक पातळ, कळकट छपाईचं, जे कोणीतरी इंटरनेटवर सुचवलं होतं म्हणून घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. एवढ्यावर समाधान होईना म्हणून पुण्याच्या एका मैत्रिणीच्या हाताने लिहिलेल्या नोट्स मागवल्या आणि त्यांची झेरॉक्स काढायला काकांच्या दुकानात गेले.

बाराव्या पानावर काकांनी मशीन थांबवलं.

"हे कोन्या परीक्षेचं व्हय, विद्यार्थी?"

मी सांगितलं.

"प्रोजेक्ट म्हंजे?"

"म्हणजे ठरलेल्या मुदतीत, हाताशी असलेल्या माणसांत एखादं काम पुरं करणं."

"लग्न?"

"हो, लग्नसुद्धा म्हणता येईल."

"आन त्याची परीक्षा असते?" काकांनी चष्मा वर केला. "बाप्पा! इथं सारे लोक बिनापरीक्षेचेच लग्नं लावून राह्यले."

मग ते स्टुलावर बसले आणि मैत्रिणीच्या नोट्स वाचू लागले. माझ्या मागे तीन माणसं आधार कार्ड हातात धरून उभी होती, त्यांच्याकडे लक्षच नाही. चार पानं झाल्यावर त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "दुसऱ्याच्या नोट्स म्हंजे दुसऱ्याचा चष्मा. तिले दिसते, तुमाले नाई दिसनार. गाईडं किती घेतले?"

"चार."

"एक ना धड, भाराभर चिंध्या. उद्या चारी घेऊन या."

का कोण जाणे, मी नेली. काकांनी ती आठ दिवस ठेवून घेतली. त्यांचं इंग्रजी गाईडांवरच पोसलेलं होतं. बोलता येत नसे, पण वाचलेलं सगळं कळे. आणि वाचत ते मागून. शेवटचं पान आधी, मग त्याच्या अलीकडचं, असं करत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "गाईड लिवनारा पयले पन्नास पानं जीव लावून लिवते. मांगं मांगं थकते. थकल्यावर मानूस कसा वागते, ते पाहाचं."

त्यांची दुसरी कसोटी चुकीच्या उत्तरांची. चार पर्यायांतला बरोबर कोणता हे कोणीही सांगतं, बाकीचे तीन कशामुळे चुकीचे आहेत हे जो सांगेल तो मास्तर, असं त्यांचं मत. त्यांच्या दुकानात खराब झालेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद एका तारेला टोचून ठेवलेले असत. गाईड नेणाऱ्याने परत येऊन त्यावर आपली एक चूक लिहायची, ती का झाली तेही लिहायचं, नाव मात्र घालायचं नाही. रिकाम्या वेळात काका ते कागद चाळत बसायचे. एकदा मला त्यांनी त्यातला एक वाचून दाखवला. गणित असं होतं की अकोल्याहून वाशीमला निघालेली बस ताशी इतक्या वेगाने गेली तर किती वाजता पोचेल. मेडशीच्या एका उमेदवाराने आलेल्या उत्तरात पंधरा मिनिटं वाढवली होती. खाली कारण लिहिलं होतं, 'आमच्या गावी ड्रायव्हर चहाले उतरते.'

"हा नापास झाला," काका म्हणाले, "पन खोटं नाई बोलला."

या माणसाविषयी मला भलतंच कुतूहल वाटू लागलं. हे एवढं परीक्षेतलं कळतं तर स्वतः कुठे पास झाले होते की नाही? मी दुकानाबाहेर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांचा गावाबाहेर मळा होता आणि त्या वीस वर्षं त्याच जागी बसत होत्या. त्या म्हणाल्या, काका शाळेत मास्तर होते, साहेबाशी भांडून घरी आले. पलीकडचा चहावाला म्हणाला, अकरा वेळा तलाठ्याच्या परीक्षेत आपटले. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुला काय करायचंय? अभ्यास कर." मी बाबांनाही विचारलं. ते नुसतेच वाकड्या ओठांनी हसले. गावभर चौकशी केली, पण काकांना मात्र विचारलं नाही. मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं विचारणार?

आठ दिवसांनी काकांनी चारही गाईडं फळीवर मांडली आणि बाहेर हाक मारली, "मावशी, जरा इकडं या."

मावशी सांबाराच्या जुड्या ओल्या फडक्याखाली झाकून आत आल्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. काकांनी पहिलं गाईड उघडलं. जोखीम म्हणजे काय आणि तिचं काय करायचं, तो परिच्छेद त्यांनी पट्टी धरून वाचला आणि मावशींना वऱ्हाडीत सांगितला. जाड गाईडचं ऐकून मावशी जांभई देत म्हणाल्या, "लय मोठं बोलते बाप्पा हा." रंगीत गाईड ऐकून म्हणाल्या, "याले कायी माहीत नाई." एकवीस दिवसांचं ऐकून तर काहीच बोलल्या नाहीत. मग काकांनी ते पातळ, कळकट पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की संकट येण्याआधी त्याचा आकार लहान करून ठेवता येतो का, ते बघा.

"हे तं मी करतोच ना," मावशी म्हणाल्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःला असंच 'करतो' म्हणतात. "सारा सांबार मी एकाच दिवशी कुठी पेरतो? आठ-आठ दिवसानं एकेक वाफा. पानी पडलं तं एकच वाफा सडते."

काकांनी पट्टी फळीवर आपटली. "पास! गाईड पास झालं."

जगभर चालणाऱ्या परीक्षेच्या गाईडाची निवड कारंज्यात भाजीवाल्या मावशींनी केली, हे मी कंपनीत कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

काकांनी मात्र जाड गाईडही काढून टाकू दिलं नाही. म्हणाले, "सोयाबीन आन तूर. चार तासं सोयाबीनचे, एक तास तुरीचं. हे पातळ लवकर हाती येते. ते जाड उशिरा येते, पन उभं राह्यते." आमच्याकडे शेतात पेरणीच्या ओळीला तास म्हणतात, आणि सोयाबीनच्या काही ओळींनंतर एक ओळ तुरीची टाकतात. मी तसंच केलं. चार दिवस पातळ, पाचव्या दिवशी जाड. दुसरी दोन गाईडं काकांनी माझ्यासमोर पिशवीत घालून गाठ मारली आणि वरच्या फळीवर टाकली. माझ्या पैशाची पुस्तकं, पण मागायची हिंमत झाली नाही.

महिनाभर असं चाललं. सराव परीक्षेत मात्र मी काही केल्या पार होईना. थोडक्यात हुकत होतं, पण दरवेळी हुकत होतं. काका म्हणाले, चुकलेले सगळे प्रश्न घेऊन या. मी चाळीस प्रश्न नेले. त्यांनी दोन दिवस त्यांवर पट्टी फिरवली. तिसऱ्या दिवशी मी गेले तर त्यांचा चेहरा खुललेला.

"विद्यार्थी, तुमच्या चुका चाळीस नाई. एकच हाय."

त्यांनी एक प्रश्न काढला. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाने तुमच्या टीममधला माणूस ऐनवेळी काढून घेतला, तुम्ही आधी काय कराल? मी उत्तर दिलं होतं, विषय वरिष्ठांकडे नेईन. बरोबर उत्तर होतं, आधी त्या प्रमुखाशीच बोलेन. पुढचा प्रश्न वेगळा, माझं उत्तर तेच. ग्राहक रागावला, वरिष्ठांना सांगेन. टीममधल्या दोघांचं पटत नाही, वरिष्ठांना सांगेन. चाळिसातल्या जवळजवळ तीस ठिकाणी मी कोणातरी मोठ्या माणसाला मध्ये घातलं होतं.

मला रागच आला. "मग त्यात चूक काय, काका? आपल्याकडे बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरीक, मोठ्या माणसाला घातल्याशिवाय होतं का? डायरेक्ट जाऊन बोललं तर लोक उद्धट म्हणतात."

"मी वाईट कुठी म्हनलो?" काका हसले. "पन पेपर काढनारा कारंज्याचा नाई ना."

त्या एका वाक्याने माझा अभ्यास रुळावर आला. पातळ गाईडमध्ये प्रत्येक ठिकाणी 'वर नेणं' का चुकीचं, हे दोन-दोन ओळींत सांगितलेलं होतं: तुमच्या हातात जे आहे ते तुम्ही अजून करून बघितलेलं नाही. पुढच्या सरावात मी पार झाले.

आणि परीक्षेला तीन आठवडे उरले असताना बाबांना न्यूमोनिया झाला. अकोल्याच्या दवाखान्यात बारा दिवस. बाबांची छाती वर-खाली होताना बघत मी खुर्चीत बसून असे. गाईड पिशवीत होतं, ते एकदाही उघडलं नाही. बाबा घरी आले तेव्हा परीक्षेला नऊ दिवस होते आणि वाचलेलं सगळं उडून गेलं होतं. मामा भेटायला आले. म्हणाले, "काळजी करू नकोस. तुझ्या कंपनीतल्या साहेबाचा साडू माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकरवी शब्द टाकतो." मला वाटलं, देव भेटला. तरी आपली खात्री करावी म्हणून मी काकांकडे गेले.

सगळं सांगितलं. परीक्षा द्यावी की पुढे ढकलावी? दिली तर उरलेल्या दिवसांत कोणतं गाईड धरू? आणि मामांना फोन करू देऊ का?

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमाले राहाचं कुठी हाय?"

"बाबांना आता—"

"बाबाचं नाई इचारलं."

"आई एकटी—"

"आईचंबी नाई इचारलं. तुमाले?"

माझा तोल गेला. अकरा वर्षांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "सरळ सांगाले काय जाते तुमचं? साऱ्या गावाले सांगता, मले सांगाले काहून जड जाऊन राह्यलं?"

"गाईड सांगतो मी," काका म्हणाले. "साहेब नाई मी तुमचा." आणि ते कोणाचं तरी रेशन कार्ड मशीनवर ठेवायला वळले.

मी घरी येऊन रडले. खोटं कशाला बोलू? भर दुपारी, बाबांच्या खोलीचं दार लोटून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबून रडले. म्हातारा दुष्ट आहे, असंच मला वाटत होतं. पण त्याचा प्रश्न काही केल्या जाईना. मला कुठे राहायचं होतं? वर्षभर मी सगळ्यांना सांगत आले होते की बाबांसाठी आले. खरं तर दुसऱ्याच महिन्यात मला इथे करमायला लागलं होतं. सकाळी भाजी आणायला गेलं की चार माणसं हटकून विचारतात, कामाला बसताना खिडकी उघडी ठेवता येते, पुण्याच्या त्या खोलीत अकरा वर्षांत माझ्या शेजारणीला माझं नाव माहीत नव्हतं. बाबा उद्या खडखडीत बरे झाले असते तरी मी परत गेले नसते. हे मी कोणाला बोलले नव्हते, कारण कोणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी मामांना नको म्हणून कळवलं आणि पुण्याला साहेबांना स्वतः फोन लावला. म्हटलं, "सर, मला कारंज्यातच राहायचं आहे." 'बाबांसाठी' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो गिळला. "परीक्षेसाठी मला एक महिना वाढवून हवा आहे." साहेबांनी तारखा विचारल्या. मग म्हणाले, "दिवाळीनंतर दे. पण नंतर पुन्हा मुदत नाही." दोन मिनिटांत फोन संपला. मामा मात्र पुढचे आठ दिवस फुगून बसले होते.

नागपूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. पेढे घेऊन दुकानात गेले. काकांनी एक पेढा खाल्ला. कोणते प्रश्न चुकले ते या परीक्षेत कळत नाही, असं मी सांगितल्यावर त्यांचा त्या परीक्षेतला रसच गेला. "असी कसी परीक्षा?" एवढंच म्हणाले.

गिऱ्हाईक नव्हतं. दुपारचे बारा-साडेबारा झाले होते. मला एकदम वाटलं, आपण या माणसाबद्दल सगळ्या गावाला विचारलं आणि यांना नाही विचारलं. मग विचारलं.

"काका, तुम्ही स्वतः कधी कोणती परीक्षा पास झालात?"

"झालो ना," काका म्हणाले. जणू कोणीही केव्हाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. "एकच. सर्वेअरची. कागद आला होता, नागपूरले हजर व्हा म्हनून. वडील नवते. थोरला भाऊच वडिलाच्या जागी. त्याच्या हाती कागद देला. म्हटलं, दादा सांगन तसं. तो म्हने, पाहू. मी वाट पाहून राह्यलो. तारीख निघून गेली. मंग त्यानं हे दुकान टाकून देलं मले."

हा भाऊ मला माहीत होता. मागच्या गल्लीत राहायचा, ऐंशीच्या पुढचा, काठी घेऊन चालायचा. काका रोज एक वाजता त्याच्याकडे जेवायला जात आणि दोघं एकाच वेळी पानावर बसत.

"तुम्हाला जायचं होतं?"

"लय."

"मग हे दादांना कधी सांगितलंत?"

काका माझ्याकडे बघत राहिले. एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर सापडत नसलं की ते जसे गाईडकडे बघत, तसे. पट्टी फळीवर ठेवून ते उठले, चपला घातल्या आणि तसेच उन्हात निघाले. मशीन सुरू, दुकान उघडं, गल्ल्याला कुलूप नाही.

मावशी आत डोकावल्या. "आवो, काका कुठी चालले? एक तं नाई वाजला अजून."

"भावाकडे," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हाताऱ्या माणसाला हे विचारायची मला काय गरज होती? मी आणि मावशी दुकान सांभाळत बसलो. एक जण पोलीस भरतीचं गाईड मागायला आला, त्याला मी नंतर ये म्हटलं.

अर्ध्या तासाने काका आले. स्टुलावर बसले नाहीत. झेरॉक्स मशीनचं बटण बंद केलं, पंखा बंद केला.

"काय म्हणाले दादा?"

"म्हने, तूच बोलला नाई." काका पाठमोरेच होते. "म्हने, मले वाटलं तुह्या मनात जाचं नाई, म्हनून कागद माह्या हाती देऊन गप बसला. एक डाव तोंडातून काढलं असतं तं तसाच स्टँडवर नेऊन सोडला असता. म्हने, तुही पेटी म्या भरून ठेवली होती. चार दिवस माजघरात भरलेली पेटी होती."

मावशींनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"रडून राह्यला तो," काका म्हणाले. "एकटाच हाय घरी. मी जातो." त्यांनी शटर ओढलं आणि कुलूप लावलं. त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.